नशेने थांबणारा श्वास आणि त्यावरील उतारा

व्याख्यानमालेच्या संग्रहात लिहावयाचे ते विद्वानांनी, असा एक समज आहे, आणि तो पुष्कळसा बरोबरही आहे. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा दहावीला सुटली. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्रे वाचून, वाचनालयातली पुस्तके घरी आणून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून झाले. अशा माणसाने औषधाविषयी लिहावे हे काहींना विपरीत वाटेल. परंतु कामगारांत काम करणाऱ्याला एक सवय जडते. यंत्रात कोणाचा हात सापडला तर आधी खटका बंद करावयाचा, विजेचा धक्का बसलेल्या माणसाला उघड्या हाताने धरावयाचे नाही, ह्या गोष्टी तो प्रत्येक नव्या कामगाराला शिकवितो. त्या शिकविण्यासाठी इंजिनियर असावे लागत नाही. ज्या अपघातात माणूस काही मिनिटांत दगावतो, त्यावरचा पहिला उपाय शेजाऱ्याला ठाऊक असला पाहिजे. कारण काही मिनिटांत शेजारीच पोहोचतो, डॉक्टर पोहोचत नाही.

आजचा विषय अशाच एका मरणाचा आहे. अफू आणि अफूच्या जातीची द्रव्ये शरीरात जास्त गेली म्हणजे माणसाचा श्वास थांबतो. ह्याला आपण अतिमात्रा म्हणू. ह्या मरणात एक गोष्ट विलक्षण आहे. ते बहुधा एकदम येत नाही, सावकाश येते. ते येत असताना पुष्कळदा जवळपास माणसे असतात. आणि त्यावर खात्रीचा उतारा उपलब्ध आहे. असे असूनही माणूस मरतो. का मरतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

चाळीतली एक रात्र

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत कोकणातले लोक फार होते, आणि आमचे वडील त्यांतलेच एक. संपाचा इतिहास सांगण्याची ही जागा नव्हे. एवढेच सांगावयाचे की, घरातला पगार बंद झाला आणि गिरणीत लागण्याची आशा धरून वाढलेली पोरे नाक्यावर रिकामी उभी राहू लागली. त्याच सुमाराच्या वर्षांत मुंबईत एक तपकिरी पूड आली. शास्त्राच्या भाषेत ते अशुद्ध हेरॉइन. कोणी त्याला ब्राऊन शुगर म्हणत, आणि मराठी मुलखात त्याचे नाव पडले गर्द. संपाने गर्द आणले असे आम्ही म्हणत नाही. तो माल अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने आला, आणि संप नसता तरीही आला असता. परंतु रिकामे हात त्याला आयतेच मिळाले.

आमच्या शेजारच्या खोलीतला एक मुलगा त्यात सापडला. वयाने आमच्याएवढा, मूळचा आमच्याच बाजूचा, कसालच्या पलीकडच्या एका वाडीतला. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणत असू. तिने घरातली भांडी विकली जाताना पाहिली आणि १९८८ च्या शिमग्याला त्याला गावी नेऊन ठेवले. चाकरमान्यांचा हा जुना उपाय आहे. मुंबईत बिघडलेला पोर गावी न्यावा, आजीच्या हातची पेज खाऊ घालावी, बागेत राबवावा, म्हणजे सुधारतो. आणि तो सुधारला. पहिले आठ दिवस तळमळला, मग जेवू लागला, अंगाने भरला. गणपती झाल्यावर तो मुंबईस परत आला तेव्हा चाळीतल्या बायांनी त्याची दृष्ट काढली.

आल्यापासून चौथ्या रात्री तो गॅलरीत आडवा पडला होता आणि मोठमोठ्याने घोरत होता. आम्ही त्याला एकदा हलविले, तो जागा झाला नाही. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “निजलो आसा, निजांदे तेका.” आम्ही त्याच्या अंगावर चादर घातली आणि निजावयास गेलो. पहाटे मावशी नळावर पाणी भरावयास उठली तेव्हा तो थंड पडलेला होता.

पुढे कळले ते असे. जुन्या सोबत्यांबरोबर त्याने त्या संध्याकाळी पुन्हा नशा केली होती, आणि पूर्वी घेत असे तेवढेच प्रमाण घेतले होते. सोबत्यांना त्याचे ओठ काळवंडलेले दिसले होते. परंतु पोलीस येतील ह्या भीतीने ते निघून गेले. म्हणजे त्या रात्री त्याच्या मरणाला पाच-सहा साक्षीदार होते. काहींना कळले होते आणि ते पळाले. आम्हाला कळलेच नाही आणि आम्ही चादर घातली. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचताना उमगले की, ते घोरणे झोपेचे नव्हते. घशाचे स्नायू सैल पडून जीभ मागे गेली होती आणि उरलेला श्वास त्या अडथळ्यातून वाट काढीत होता.

एकाच बोंडातले विष आणि औषध

खसखशीच्या झाडाचे कच्चे बोंड चिरले म्हणजे त्यातून चीक येतो. तो सुकला म्हणजे अफू. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश ह्या राज्यांत सरकारी परवान्याने तिची लागवड होते, आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. मुंबईचा आणि अफूचा संबंध तर फार जुना. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि शहरातल्या कित्येक मोठ्या घराण्यांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा वाटा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. पुढे १८९८ मध्ये बायर ह्या जर्मन कंपनीने मॉर्फिनपासून केलेले हेरॉइन खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले. ते किती घातक आहे हे कळावयास काही वर्षे जावी लागली. त्यानंतर कारखान्यात बनविलेली अनेक द्रव्ये आली. मेथाडोन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल ही त्यांतली काही नावे. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन हेही ह्याच कुळातले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही द्रव्ये मुळात वाईट नव्हेत. कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांत मॉर्फिनची गोळी मिळणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात तो आजार आला त्याला विचारावे. डॉक्टरने बेताने दिलेले मॉर्फिन नाकारणे हा रोग्यावर अन्याय आहे. परंतु त्या गोळ्या घरात कुलपात ठेवाव्यात, कोणाची गोळी कोणी घेऊ नये, लहान मुलांच्या हाती त्या लागू देऊ नयेत. अतिमात्रा केवळ गर्दुल्ल्यालाच होते असे नाही; ती आजोबांनाही होऊ शकते आणि चार वर्षांच्या नातवालाही.

“हा पंजाबचा प्रश्न, आपल्या सिंधुदुर्गाचा नव्हे,” असे आम्हाला सभांतून ऐकावे लागते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली आणि तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशातल्या सुमारे २.१ टक्के लोकांनी, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक माणसांनी, मागल्या वर्षभरात अफूवर्गातले काही ना काही घेतले असल्याचा अंदाज आहे. ह्या व्यसनाने गांजलेल्यांची संख्या ज्या राज्यांत मोठी, त्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव आहे. आपला जिल्हा त्या मानाने सुदैवी असेल. परंतु मुंबई-गोवा महामार्ग आपल्या कसालवरून जातो, आपली पोरे मुंबईत आणि गोव्यात नोकरीस आहेत, आणि बिघडलेला पोर आपण अजूनही गावीच आणून ठेवतो. तेव्हा हा प्रश्न आपल्या ओटीवर येऊन बसलेला आहे.

श्वास का थांबतो

आपण झोपेत असतो तेव्हाही श्वास चालू राहतो. तो कोण चालवितो? मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, श्वासाचे एक केंद्र आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वायू साठू लागला की ते केंद्र छातीला हुकूम देते, श्वास घे. दिवसरात्र न थकता पहारा करणारा हा रखवालदार आहे.

मेंदूत काही ठिकाणी विशिष्ट कुलपे आहेत, आणि शरीर स्वतः बनवीत असलेली काही द्रव्ये त्या कुलपांच्या किल्ल्या आहेत. दुखणे शमविणे हे त्यांचे एक काम. अफूच्या कुळातली द्रव्ये त्याच कुलपांत बसतात. दुखणे जाते आणि सुख वाटते ते त्यामुळे. परंतु तीच कुलपे श्वासाच्या केंद्रातही आहेत. प्रमाण वाढले की रखवालदाराला डुलकी लागते. रक्तात दूषित वायू साठत जातो, तरी हुकूम सुटत नाही. एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेणारा माणूस आठ घेतो, मग चार घेतो, मग थांबतो. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते आणि पाठोपाठ हृदय थांबते. सोबतीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर हे सारे अधिक लवकर घडते, कारण त्याही त्याच रखवालदाराला गुंगी आणतात.

म्हणून लक्षात धरावयाचे मुख्य सूत्र हे की, अतिमात्रेत माणूस मरतो तो श्वासावाचून. श्वास चालू ठेवता आला तर माणूस ठेवता येतो.

ओळखावे कसे

खुणा तीन. पहिली, माणूस जागा होत नाही. मोठ्याने हाक मारावी, खांदा हलवावा, मूठ वळून छातीच्या मधल्या हाडावर जोराने चोळावी. झोपलेला किंवा तर्र असलेला माणूस निदान कण्हतो, हात झटकतो. अतिमात्रेतला काहीच करीत नाही. दुसरी, श्वास फार हळू, अडखळत किंवा बंद. दहा सेकंद छातीकडे पाहावे. मोठे घोरणे आणि घशातली घरघर ही धोक्याची खूण आहे, गाढ झोपेची नव्हे. तिसरी, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक झालेली. ह्यांखेरीज ओठ व नखे निळी-काळी पडतात. सावळ्या माणसाचे ओठ आतून आणि हिरड्या पाहाव्यात.

तिन्ही खुणा एकत्र दिसण्याची वाट पाहत बसू नये. जागा होत नाही आणि श्वास बरोबर नाही, एवढे पुरे आहे.

काय करावे, काय करू नये

पहिली गोष्ट, १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. फोनवर लाजू नये. “माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट घेत नाही, नशेचे औषध घेतले असावे” असे स्पष्ट सांगावे. शेवटचे वाक्य अब्रूसाठी गाळले तर डॉक्टर भलत्याच वाटेने शोध घेत राहतात, आणि वेळ जातो.

दुसरी गोष्ट, श्वास. माणसाला पाठीवर निजवावे, तोंडात काही अडकले असेल आणि दिसत असेल तर काढावे. एक हात कपाळावर ठेवून दुसऱ्याने हनुवटी वर उचलावी. ह्याने मागे गेलेली जीभ सुटते, आणि कधी कधी एवढ्यानेच श्वास मोकळा होतो. तो झाला नाही तर नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावावे आणि पाच-सहा सेकंदांनी एक अशी फुंकर द्यावी. छाती वर येते की नाही ते पाहावे. मालवणच्या किनाऱ्यावरील खलाशांना आम्ही सांगतो की, बुडालेल्याला पाण्याबाहेर काढून जो श्वास द्यावयाचा तोच हा. मण्यार चावलेल्याचाही श्वासच थांबतो, आणि इस्पितळ येईपर्यंत त्यालाही हाच आधार आहे. एकदा शिकलेली ही विद्या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट, जिवंतपणाची काहीच खूण नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाबावे, आणि शिकलेला असेल त्याने मधून मधून श्वास द्यावा. चौथी, श्वास आपसूक चालू झाला परंतु शुद्ध आली नाही, तर माणसाला कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे ओकारी झाली तरी ती श्वासनळीत जाणार नाही. आणि पाचवी, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला एकट्याला सोडू नये.

आता न करावयाच्या गोष्टी. मिठाचे पाणी किंवा लिंबाचे पाणी पाजू नये. बेशुद्धाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते. थंड पाण्याच्या बादल्या ओतू नयेत. दोघांनी धरून फेऱ्या मारवू नयेत. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे ह्याने काही होत नाही, मिनिटे मात्र जातात. गावात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची आपली रीत आहे. तिच्याविषयी आम्हाला काही म्हणावयाचे नाही. परंतु गाऱ्हाणे मागाहून घालावे, आधी श्वास द्यावा. आणि “झोपून उतरेल” हा सल्ला कोणी देऊ नये. आम्ही तो एकदा ऐकला आहे.

नॅलोक्सोन

ह्या विषावर उतारा आहे. त्याचे नाव नॅलोक्सोन. अमेरिकेत १९६१ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले आणि १९७१ मध्ये तेथील सरकारने ते वापरण्यास मान्यता दिली. मौज अशी की, हे औषधही अफूतल्याच एका द्रव्यापासून तयार करतात. काट्याने काटा काढावा म्हणतात, त्यातला हा प्रकार.

त्याचे काम किल्लीच्या दृष्टांताने समजते. नॅलोक्सोन ही अशी किल्ली आहे की जी त्याच कुलपात अधिक घट्ट बसते, परंतु कुलूप फिरवीत नाही. ती आत शिरताना आधीच्या किल्लीला बाहेर ढकलते आणि जागा अडवून बसते. रखवालदाराची गुंगी उतरते आणि श्वास सुरू होतो. शिरेतून दिले तर एक-दोन मिनिटांत, स्नायूत टोचले किंवा नाकात फवारले तर सुमारे दोन ते पाच मिनिटांत गुण दिसतो. न दिसल्यास मात्रा पुन्हा देता येते. मधल्या वेळात श्वास देणे चालूच ठेवावयाचे असते.

त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत. त्याने नशा येत नाही आणि त्याचे व्यसन लागत नाही. निदान चुकले आणि माणसाच्या अंगात अफूवर्गी द्रव्य नसलेच, तर त्याने सहसा अपाय होत नाही. मात्र गुणही येत नाही. दारू, झोपेच्या गोळ्या, शेतातले कीटकनाशक ह्यांवर ते चालत नाही. व्यसनी माणसाला ते दिले की त्याची नशा एकदम उतरते. त्याला घाम फुटतो, उलट्या होतात, तो चिडतो, क्वचित मारावयासही धावतो. त्याला रागे भरू नये. तो जिवंत असल्याची ती खूण आहे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा वेळेची. नॅलोक्सोनचा अंमल साधारण अर्धा ते दीड तास. अंगातले विष पुष्कळदा त्याहून जास्त वेळ टिकते. म्हणजे माणूस उठून बसतो, “मला काही झाले नाही” म्हणून चालू लागतो, आणि तासाभराने पुन्हा कोसळतो. म्हणून शुद्धीवर आला तरी त्याला इस्पितळात नेलेच पाहिजे, आणि त्याने पुन्हा नशा करू नये म्हणून जवळ बसले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत फार वर्षांपूर्वी घातले. २०१४ मध्ये तिने आणखी एक पाऊल टाकले. अतिमात्रा ज्यांच्या डोळ्यांपुढे घडण्याचा संभव, अशा सामान्य माणसांच्या हाती, म्हणजे आईवडील, सोबती, कार्यकर्ते ह्यांच्या हाती ते द्यावे आणि त्यांना शिकवावे, अशी शिफारस तिने केली. हे केवळ श्रीमंत देशांसाठी होते असे नव्हे. कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि युक्रेन ह्या चार देशांत संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चौदा हजारांवर लोकांना असे शिक्षण देण्यात आले, आणि त्यांनी आपल्या हातांनी बहुतेकांचे प्राण वाचविल्याचे आढळले. अमेरिकेत २०२१ ते २०२३ ह्या काळात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने दर वर्षी एक लाखाहून अधिक माणसे मेली. तेथे २०२३ मध्ये नॅलोक्सोनचा नाकातला फवारा चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. २०२४ मध्ये तेथील मृत्यू पुष्कळ उतरले. त्याला कारणे अनेक आहेत, परंतु ह्या औषधाचा प्रसार हे त्यांतले एक मानले जाते.

आपल्याकडे नॅलोक्सोन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. परंतु ते इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरच्या चिठ्ठीने, इस्पितळात मिळावयाचे औषध आहे. व्यसनी मुलाच्या आईच्या पेटीत ते नसते.

सर्वांत धोक्याचे दिवस

आता त्या चाळीतल्या मुलाकडे पुन्हा वळू. तो सुधारला होता, आणि तरीही मेला. किंबहुना सुधारला होता म्हणूनच मेला, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

रोज नशा करणाऱ्याचे शरीर त्या विषाला सरावते. सुरुवातीला जेवढ्याने गुंगी येते तेवढ्याने पुढे काहीच होत नाही, म्हणून तो प्रमाण वाढवितो. आणि नवख्याला मारील एवढी मात्रा त्याला पचते. परंतु हा सराव कायमचा नसतो. काही दिवस, काही आठवडे विष बंद राहिले की तो ओसरतो. शरीर पुन्हा नवख्यासारखे होते. मनाला मात्र जुनेच माप आठवते. तुरुंगातून सुटल्यावर, इस्पितळातून घरी आल्यावर, व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर आणि गावाहून मुंबईला परतल्यावर, हे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे.

ह्याचा अर्थ गावी नेऊ नये असा नाही. नुसते गावी नेणे हा उपचार नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. उपचार वेगळा आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दवरचे अवचटांचे लेखन वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे ह्यांनी त्याला आर्थिक साहाय्य केले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. व्यसन हा आजार आहे, गुन्हा नव्हे, हे मराठी समाजाने त्या निमित्ताने मोठ्या प्रमाणावर प्रथम ऐकले. शिवाय ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध रोज बेताने देऊन गर्दची ओढ थांबविण्याचा उपचार सरकारी केंद्रांतून मिळतो. जोवर तो चालू आहे तोवर अतिमात्रेचा धोका पुष्कळ कमी होतो. पोर परत मुंबईला निघाला असेल तर त्याला उपदेश करण्याबरोबर हेही स्पष्ट सांगावे की, बाबा, पाय घसरला तर जुने माप आता तुला मारील. असे सांगणे म्हणजे नशेला परवानगी देणे, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. डोलीवर जाणाऱ्या खलाशाला पोहावयास शिकविले म्हणून तो मुद्दाम पाण्यात उडी टाकीत नाही.

भीती

शेवटी मूळ प्रश्न. सोबती का पळाले? पोलिसांच्या भीतीने. ही भीती अगदीच खोटी नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्याच्या कलम ६४-अ ने संरक्षण दिले आहे, ही चांगली गोष्ट. परंतु मरणाऱ्या सोबत्यासाठी फोन करणाऱ्याला तसे स्पष्ट अभय त्यात नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. ट्रकखाली सापडलेल्याला उचलणाऱ्यावर बालंट येणार नाही, परंतु नशेत श्वास थांबलेल्याला उचलणाऱ्यावर येईल, हा भेद कोणत्या न्यायाचा? दोघांचीही आई घरी वाट पाहत असते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि १०८ च्या गाडीत नॅलोक्सोन असावे, आणि ते संपल्यावर भरून ठेवण्याची जबाबदारी कोणाची हे लिहिलेले असावे. उपचार केंद्रातून आणि तुरुंगातून सुटणाऱ्या व्यसनी माणसाच्या घरच्यांना अतिमात्रा ओळखण्याचे, श्वास देण्याचे आणि हे औषध वापरण्याचे शिक्षण मिळावे, आणि औषधही मिळावे. अतिमात्रेसाठी फोन करणाऱ्यावर सेवनाचा खटला भरू नये, अशी दुरुस्ती कायद्यात व्हावी. गर्द विकून गबर होणाऱ्यांशी कायद्याने खुशाल कठोर व्हावे. त्यांच्याबद्दल आम्हाला दयामाया नाही.

सरकारने हे करीपर्यंत आपण थांबावयाचे कारण नाही. श्वास देण्याची विद्या एका दुपारी शिकता येते. रिक्षा थांब्यावरचे चालक, नौकांवरचे खलाशी, महाविद्यालयातली मुले, महिला बचत गट ह्यांनी आपापल्या ठिकाणच्या डॉक्टरांना बोलावून ती शिकून घ्यावी. आमच्या संघटनेत आम्ही हे काम सुरू केले आहे, आणि ज्यांना अक्षरओळखही बेताची आहे अशा माणसांना ते उत्तम जमते असा आमचा अनुभव आहे.

त्या मुलाची आई पुढे गावी परतली आणि काही वर्षांनी वारली. “तुम्ही सगळी थंयच होतास मां?” असे तिने आम्हाला एकदा विचारले होते. आम्ही तेथेच होतो. आम्हाला काही येत नव्हते, एवढेच आमचे उत्तर होते आणि ते खरेही होते. आज हा लेख वाचणाऱ्याला ते उत्तर देता येणार नाही. रात्री कोणी वेडेवाकडे घोरत पडला असेल तर त्याच्या अंगावर पांघरूण घालण्याआधी त्याला हाक मारावी, हलवावे. आणि तो जागा झाला नाही तर तेथेच बसावे, १०८ ला फोन करावा आणि त्याला श्वास द्यावा.